पापुद्र्यांचा आवाज

कुसावहिनींच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे हे रंगनाथांना आठवलं ते मनीषाच्या दुकानात, स्वतःचाच आवाज अंगावर धावून आला तेव्हा. तसं ते विसरले कधीच नव्हते. दुखऱ्या दाताकडे जीभ जशी उगाचच जाऊन येते, तसं त्यांचं मन त्या पत्राकडे जाऊन येत असे. पण नाशिक रोडच्या त्या अरुंद दुकानात, जिथं पूर्वी लग्नांची शूटिंगं जोडली जात आणि आता जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून मिळत, टेबलावरच्या स्पीकरमधून एकाएकी कुणी किरट्या गळ्याचा, फार शुद्ध बोलणारा माणूस म्हणाला, "आपल्या साहित्यातील ग्रामीण वास्तव आणि आपली व्यक्तिगत जाणीव यांचं नातं आपण कसं उलगडाल?" पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. प्रश्नानंतर बराच वेळ नुसती खरखर होती. त्या खरखरीत रंगनाथ उभे होते, कान तापलेले, हातातली कापडी पिशवी छातीशी धरून. मग नानांचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा जाड आणि सावकाश. "सोप्पं इचार ना, रंगनाथ." रंगनाथांनी मनीषाला हात करून थांबायला सांगितलं.

मनीषाचा हात माउसवर थांबला. रंगनाथ खालच्या आवाजात म्हणाले की त्यांचं स्वतःचं बोलणं सगळं काढून टाकावं, फक्त नानांचं ठेवावं. तिनं विचारलं, सगळेच प्रश्न? ते म्हणाले, प्रश्न कुणाला हवेत, लोक ऐकतील ते नानांना. मग मागची खरखरही साफ करून देऊ का, असं तिनं विचारलं. जुन्या टेपला ती असतेच, पण आता ती सहज निघते. त्यांनी मान डोलावली. ते निघताना ती म्हणाली, "सर, तुमचा आवाज छान होता की." म्हाताऱ्या माणसाशी लोक हल्ली अशा दयेनं बोलतात हे त्यांना माहीत झालं होतं. ते हसले, आणि पायरी उतरताना त्यांचा तोल किंचित गेला.

नाना म्हणजे खंडेराव. देवळ्याच्या पुढं आडरस्त्याला असलेल्या एका गावात कांदे लावायचे आणि गोष्टी लिहायचे. जगले तोवर जिल्ह्याबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखलं नाही. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारता मारता रंगनाथांनी त्यांचं पहिलं पुस्तक उघडलं आणि जेवायची सुटी संपल्याचं त्यांना कळलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार ते एस.टी.नं देवळ्याला जात, तिथून मिळेल त्या वाहनानं गावात, पिशवीत टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळलेला. नानांच्या मुलाखती, नानांचं वाचन, असा एक साठा त्यांच्या कपाटात तयार झाला. लिहायचं त्यांनाही होतं कधीकाळी. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि कोथिंबीर पिकवणाऱ्या घरात ते वाढले, शाळेत मास्तरांनी बोलणं सुधारलं, आणि सुधारलेल्या बोलण्यात त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नाही. निदान त्यांना तसं वाटायचं. दुसऱ्याचा आवाज जपण्यात एक सोय असते. आपला काढावा लागत नाही.

कॅसेटी न वाजवता पडून राहिल्या की फीत चिकटते, असं आकाशवाणीतल्या एका ओळखीच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं. म्हणून वर्षातून एकदा ते सगळ्या कॅसेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. ऐकत नसत, नुसत्या पुढं पळवून मागं आणत. त्यासाठी त्यांनी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस धरला होता. नानांच्या गावी त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात. सिंधुबाई, त्यांची बायको, आखाजीच्या दुपारी पुरण वाटता वाटता म्हणत, "झाली का तुमच्या नानांची घागर भरून?" ती थट्टा होती आणि थट्टा नव्हतीही. यंदाच्या आखाजीला एक कॅसेट मधेच कण्हल्यासारखी वाजली आणि अडकली. रंगनाथांनी पेन्सिल घालून ती अलगद सोडवली तेव्हा बोटांना तपकिरी भुकटी लागली. ती भुकटी म्हणजे नानांचे काही शब्द असणार. त्यांना हात धुववेना. त्यानंतर ते मनीषाच्या दुकानाचा पत्ता शोधायला लागले.

पत्र आलं होतं ते नाना गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीच्या सुमाराला. आंतर्देशीय होतं, अक्षर शाळकरी मुलीचं. नानांच्या बायकोला, कुसावहिनींना, लिहिता येत नव्हतं, म्हणून नातीनं, वैष्णवीनं, लिहून दिलं होतं. मजकूर थोडा होता. यांचा आवाज तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. घागर भरली तर घरात फार सुनं वाटलं. जमलं तर एकदा ऐकवा. रंगनाथ त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसले. 'तीर्थस्वरूप' लिहावं की 'श्रीमती' यावर अडले. श्रीमती म्हटलं की वैधव्य पहिल्याच शब्दात येत होतं. मग शोकाची दोन वाक्यं लिहिली, ती नानांच्या लेखणीला शोभणारी नाहीत म्हणून खोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आठवडा गेला, मग उशीर झाल्याबद्दल चार शब्द लिहिणं भाग झालं, आणि ते चार शब्द नीट जमेपर्यंत पावसाळा आला. उशिराचं कारण सांगायचं तर कारण हवं. कारण एवढंच की वाक्य जमत नव्हतं, आणि हे वाक्यही जमत नव्हतं. वर्ष उलटल्यावर उत्तर पाठवणं म्हणजे न पाठवण्यापेक्षा मोठा अपमान असं त्यांना वाटू लागलं. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून सरळ एस.टी.त बसावं हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण उत्तर न देता दारात कसं उभं राहायचं? आधी पत्र, मग जाणं, अशी त्यांची रीत होती, आणि ती रीत त्यांनी मोडली नाही.

मनीषानं साफ केलेला आवाज चार दिवसांनी मिळाला. दुपारी जेवणं झाल्यावर, सिंधुबाई आतल्या खोलीत पाठ टेकायला गेल्या असताना, रंगनाथांनी मोबाईलला इयरफोन लावले. नाना बोलू लागले. आवाज इतका स्वच्छ होता की ओठ विलग होतानाचा ओलावा ऐकू येत होता. मागं काही नव्हतं. खरखर नाही, खोली नाही, हवा नाही. जाणीव, वास्तव, उलगडाल, यातला एक शब्द नाही. रंगनाथांना आधी सुटल्यासारखं वाटलं. नाना उत्तरं देत होते, पण कुणी विचारलेलंच नव्हतं. ते मधेच हसत, आणि हसण्यासारखं काही घडलेलं नसे. इस्पितळात एकट्या खोलीत ठेवलेला माणूस असा बोलतो. रंगनाथांचे वडील शेवटी असेच बोलत होते, भिंतीकडे तोंड करून, पाण्याची पाळी कुणाची आहे यावरून कुणाशी तरी भांडत. मग वाचन सुरू झालं, ती बैलाची गोष्ट. नाना वाचत होते, "पांढरा बैल खळ्याच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं मालकाकडे पाहिलं." आणि एकदम, वाचनाचा सूर सोडून, घरातल्या आवाजात म्हणाले, "गोष्टमधला शे तो." पुढं पुन्हा गोष्ट. रंगनाथांनी मागं जाऊन ते परत ऐकलं, गोष्टीतला आहे तो. गोष्टमधला शे तो. कुणाला सांगत होते नाना? ते वाक्य त्या स्वच्छ पोकळीत बैलासारखंच एकटं उभं होतं.

आठवलं ते आधी नाकाला. कांद्याचा वास, उग्र नाही, दबलेला, उबदार. नानांना खुर्चीत बसून वाचता येत नसे. माईक पुढं धरला की ते अडखळत, म्हणून रंगनाथ कांद्याच्या चाळीतच जाऊन बसत. लाकडी फटींतून ऊन गळत असे. उन्हाळ कांदा तिथं महिनोन्‌महिने पडून असायचा आणि त्यातला सडका वेळच्या वेळी निवडून काढावा लागायचा. नाना मांडीवर वही ठेवून वाचत आणि त्यांचा एक हात कांदे चाचपत राही. शेजारी कुसावहिनी, दोन्ही हात कामात, पदर डोक्यावर. त्यांच्या बोटांखाली कांद्याचे पापुद्रे सतत वाजत. सुकलेले, गुलाबी, कागदाहून पातळ. वहिनी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "पांढरा नव्हता. कबरा व्हता त्यो." नाना म्हणाले, "गोष्टमधला शे तो." आणि वहिनी म्हणाल्या, "गोष्टमधला राहो. बैल तर आपलाच ना." रंगनाथांना ते वाक्य ऐकू आलं, अगदी जसंच्या तसं, पण इयरफोनमध्ये नाही. फक्त त्यांचं ठेवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. आणि ती खरखर टेपची नव्हतीच. मनीषानं जे साफ करून दिलं ते कुसावहिनींचे हात होते.

सिंधुबाई पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा रंगनाथ समोर कागद घेऊन बसले होते. कागदावर 'तीर्थस्वरूप कुसावहिनी' एवढं होतं. सिंधुबाईंनी ते वाचलं. त्यांना हा कागद नवा नव्हता.

"फोन लावा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी एकदम फोन कसा करायचा, असं ते काहीतरी म्हणाले.

"मग त्याचाही मसुदा करा आधी. मी तपासून देते."

त्या आत गेल्या. रंगनाथांनी कागद बाजूला सारला आणि नानांच्या प्रकाशकाकडून कधीतरी उतरवून घेतलेला नानांच्या घरचा नंबर लावला. वैष्णवीनंच उचलला. तिच्या कडेवर लेकरू होतं, ते मधेमधे फोन ओढत होतं. ती माहेरी आली होती, कारण आजीचं बरं नव्हतं. नाव सांगितल्यावर तिनं ओळखलं. म्हणाली, "ते पत्र मीच लिहिलेलं, आजोबा. मला वाटायचं, माझं शुद्धलेखन चुकलं म्हणून तुम्ही उत्तर दिलं नाही. वाचनालयातले ना तुम्ही." ती हसत सांगत होती. रंगनाथ नाही, नाही, असं म्हणाले, पण ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही कळलं नाही, त्यांचा आवाज फोनवर नेहमीच अर्धा पडायचा. मग तिनं आजीचं सांगितलं. ऐकणं गेलं आहे, पुरतं नाही, पण दर महिन्याला थोडं थोडं जातंय. डॉक्टर म्हणाले, उरलेलंही फार दिवस राहायचं नाही. मशीन दिलं तर ती काढून उशाखाली ठेवते. "बाईमाणसाचं तर कायच ऐकू येत नाय तिला. माझं नाय, आईचं नाय. बारीक आवाज सगळे गेले. गड्याचा जाड आवाज तेवढा येतो, तो बी कानाशी मोठ्यानं बोललं तर." उशाशी भजनाचा छोटा रेडिओ असतो, त्याला पेन ड्राइव्ह लागतो. त्यात घालून पाठवलं तर ती रेडिओ कानाला लावून ऐकेल. पण लवकर पाठवा, आजोबा, असं ती म्हणाली, आणि लेकरानं फोन बंद केला.

बारीक आवाज सगळे गेले. रंगनाथ ते वाक्य घेऊन गॅलरीत उभे राहिले. समोरच्या सोसायटीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. नानांचा आवाज तिला येईल, तो तळातून येणारा होता. पण पापुद्र्यांचा यायचा नाही. तिचा स्वतःचाही नाही. चाळीत ती काय बोलली, कुठं हसली, रंगनाथांच्या लांबलचक प्रश्नानंतर "घाबरी गया भाऊ, पानी दे त्याले" असं कशी म्हणाली, ते सगळं टेपवर परत आणून ठेवलं तरी तिच्या कानाशी नाना तसेच एकटे बोलतील, भिंतीशी बोलल्यासारखे. गोष्टमधला शे तो. कुणाला म्हणतायत हे, असं ती विचारील, आणि आजूबाजूला ज्या बायका असतील त्यांचं उत्तर तिला ऐकू यायचं नाही. मग तिला ते सांगायचं कुणी? पत्रात लिहून काय होणार. तिला वाचता येत नाही. तिला वाचता येत नाही! हे त्यांना नेहमीच माहीत होतं आणि आत्ता कळलं. तीर्थस्वरूप की श्रीमती यावर ते ज्या बाईसाठी झिजले, ती तो कागद कधी वाचणारच नव्हती. त्यांना जोराची लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी, का कोण जाणे, थोडं हसूही आलं.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. मनीषा आली तशी त्यांनी विचारलं, मूळ आहे का, न कापलेलं.

"मूळ कुणी पुसतं का, सर?" ती शटर वर ढकलत म्हणाली.

त्यांनी तिला काय हवं ते सांगायला सुरुवात केली आणि नेहमीसारखे वाक्याच्या मधे अडकले. तिनं खुर्ची पुढं सरकवली, माईक टेबलावर लावला, आणि मूळ ध्वनिफीत सुरू केली. त्यांचा तो किरटा प्रश्न यायच्या आधी तोच प्रश्न अगदी पुसट, दुरून ऐकू आला, जणू खोलीबाहेर कुणीतरी त्याची तालीम करत होतं. ते दचकले. मनीषा म्हणाली, फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातलं शेजारच्या वेढ्यावर उमटतं, मग शब्द स्वतःच्या आधीच येतो. ते काढता येत नाही. राहू दे, रंगनाथ म्हणाले. हा प्रश्न काढायचाय ना, असं तिनं विचारलं. तोही राहू दे, ते म्हणाले. त्याच्यावरच तर वहिनी हसल्या होत्या.

पहिल्यांदा ते माईकमध्ये बोलले ते मनीषाला शेजारी बसूनही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा बोलले तर आवाज वर चढून फाटला. वहिनींना ऐकू येणार नाही असाच तो आवाज होता, बारीक, डोक्यातून येणारा, मास्तरांनी दिलेला. "आणखी खालून, सर," मनीषा म्हणाली. खालून म्हणजे कुठून? रंगनाथांनी डोळे मिटले. मळ्याच्या पलीकडच्या बांधावर वडील उभे असायचे, पाटाचं पाणी वळवताना, हात तोंडाशी न नेता हाक मारायचे. रंग्याऽ, दार धर. ती हाक जमिनीवरून यायची, झेंडूच्या सरींमधून, आणि आधी पायांना लागायची. उत्तरादाखल रंग्याही ओरडायचा, नऊ-दहा वर्षांचा, पाणी सरीत सोडायला चिखलात उभा. धरलंऽ. शाळेत गेल्यानंतर तो तसा पुन्हा कधी ओरडला नव्हता. त्यांनी पाय जमिनीवर सपाट ठेवले. पोटात, बेंबीच्या मागं कुठंतरी काहीतरी होतं, गंजलेलं, पण होतं.

"वहिनी," ते म्हणाले, आणि टेबलावरची काच थरथरली. "मी रंगनाथ. वाचनालयातला. तुमचं पत्र मिळालं."

एवढंच होतं ते वाक्य. इतकी वर्षं. त्यांनी क्षमा मागायचं ठरवलं होतं, पण पुढं नाना बोलायला लागले आणि त्यांना थांबवून क्षमा मागणं बरं दिसलं नसतं. जिथं गरज पडे तिथं मनीषा नानांना थांबवी आणि रंगनाथ बोलत. वहिनी, इथं जे वाजतंय ते कांदे. तुम्ही निवडताय, नाना वही धरून बसलेत, ऊन फटींतून आत आलंय. वहिनी, इथं तुम्ही हसलात, मला. बरोबर हसलात, प्रश्नच तसा होता. इथं तुम्ही मला पाणी द्यायला सांगताय. ते आत्ता रडतायत की काय असं मनीषाला वाटलं असावं, कारण ती सारखी पडद्याकडेच बघत होती. मग बैल आला. पांढरा बैल खळ्याच्या कडेला उभा राहिला. मनीषानं नानांना थांबवलं. रंगनाथांनी श्वास घेतला, आणि शुद्ध करून सांगायला तोंड उघडलं, की इथं वहिनींचं असं म्हणणं आहे. ते वाक्य त्यांनी गिळलं. शाळेनं त्यांच्या तोंडातून काढून घेतलेलं काहीतरी त्या जागी परत आलं, दुसऱ्याच गावचं, दुसऱ्याच बाईचं, पण परकं नाही.

"वहिनी, इथं तुम्ही बोलताय," ते गरजले. "तुम्ही म्हणताय, कबरा व्हता त्यो!"

बाहेरून जाणारा एक माणूस दारात थबकला, आत डोकावला आणि पुढं गेला. मनीषानं नानांना सोडलं.

"गोष्टमधला शे तो," नाना म्हणाले. ते आता भिंतीशी बोलत नव्हते.

दुपारी रंगनाथ स्टेशनाजवळच्या टपाल कचेरीत रांगेत उभे होते. हातात जाड पाकीट, आत कापसात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह, बरोबर कागद नाही. पाकिटावर कुसावहिनींचं नाव त्यांनी नुसतं लिहिलं होतं, आधी काही न लावता. घसा सोललेला होता आणि कानांत अजून स्वतःचाच घुमारा होता. वैष्णवी म्हणाली होती, लवकर. देवळ्याला उद्या पोचेल, गावात परवा, पोस्टमन आळशी असेल तर तेरवा. तोवर वहिनींचं ऐकणं टिकेल का? रांग पुढं सरकली. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर टाकलं, दाबून पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, आत काय आहे.

रंगनाथ अशा खिडक्यांपाशी नेहमी पुटपुटत, मग त्यांना परत विचारलं जाई. पण सकाळभर मोठा केलेला आवाज अजून लहान झाला नव्हता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"पत्राचं उत्तर आहे," ते म्हणाले.

अख्ख्या कचेरीनं मान वळवून पाहिलं. बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.